मुखपृष्ठ मी बदललं

मंडळी,

मागे उभे आहात त्यांनी पुढे या. पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. शोकसभेत पुढे बसायला सगळेच कचरतात, मला माहीत आहे. पण सुलभाला रिकाम्या खुर्च्या आवडायच्या नाहीत. या, बसा.

मी कुंदा घरत. राहते जासईला. न्हावा शेवा बंदराजवळ एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात माझी नोकरी झाली. बोलण्याची मला सवय नाही. सुलभाच्या लेकीनं, केतकीनं, फोन करून सांगितलं, "मावशी, तू बोलायचंस." मी म्हटलं, "बाई, मला जमायचं नाही, माझा आवाज बसतो." ती म्हणाली, "आईनं नाव सांगून ठेवलंय." आता यावर काय बोलणार? सुलभानं सांगून ठेवलेलं मोडायची माझी कधी हिंमत झाली नाही. एकदा झाली होती. तेच आज सांगायचं आहे.

पण आधी एक गोष्ट कबूल करते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे डोळे ओले आहेत. माझे नाहीत. घरून निघताना मी दोन रुमाल घेतले. पर्समध्ये तसेच घडी घातलेले आहेत. मला आज हलकं वाटतंय. सुटल्यासारखं वाटतंय. गैरसमज करून घेऊ नका. सुलभा गेली याचं दुःख मला नाही, असं कसं होईल? पण दुःखाच्या वर काहीतरी आहे, आणि ते सुटकेचं आहे. ते का, हे सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

या सोसायटीतल्या लोकांना सुलभाची ओळख करून द्यायला नको. तळमजल्यावरच्या त्या फ्लॅटमधून 'वैल' निघायचं. स्वयंपाकाचं मासिक. बाहेरच्या खोलीत संपादकीय, आतल्या खोलीत अंकांचे गठ्ठे आणि स्वयंपाकघरात प्रयोगशाळा. आलेली प्रत्येक पाककृती आधी तिथं करून बघायची, मगच छापायची. जमली तर छापायची, फसली तर जिन्यात वाटायची. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी आमचे फसलेले ढोकळे खाल्लेत. बी विंगवाले, हसू नका, तुम्ही तर फसलेले अनरसेही खाल्लेत आणि वर डबे घेऊन आला होता.

'वैल' हे नाव का, असं नवे लोक विचारायचे. सुलभा सांगायची, "चूल सगळ्यांना दिसते. चुलीच्या बाजूला जो छोटा वैल असतो, ज्याच्यावर आमटी गरम राहते, तो कुणाला दिसतो का? मला त्या वैलावरच्या बायका हव्यात." बोलायला लागली की अशी बोलायची. ऐकणारा आधी गार पडायचा आणि मग लेख लिहून द्यायचा.

मी तिच्याकडे गेले ती भांडायला. 'वैल'मध्ये आगरी मसाल्याची कृती छापून आली होती आणि ती चुकीची होती. मी ऑफिसातनं जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. म्हटलं, "हा आमचा मसाला नाही. तुमच्या मसाल्यानं मासा रडेल." फोन सुलभानंच उचलला होता. मग म्हणाली, "तुम्ही रविवारी मोकळ्या आहात का? येऊन करून दाखवा." मी गेले. करून दाखवला. सगळी बिल्डिंग खोकली. संध्याकाळी मी निघाले तर म्हणाली, "पुढच्या रविवारी कधी येतेस?"

तुम्हीचं तू कधी झालं, माझ्या लक्षातही आलं नाही. मग शनिवार-रविवार मी तिथंच. उरणकडून येणारी एसटी पकडायची, नेरुळला उतरायचं आणि पदर खोचायचा.

तिचे नियम कडक होते. 'चवीनुसार मीठ' हे शब्द 'वैल'मध्ये छापायचे नाहीत. का? तर म्हणे, "जिला चव कळते, तिला आपलं मासिक कशाला? जिला कळत नाही, तिला सांगा की किती." 'बारीक गॅसवर' चालायचं नाही, काय दिसेपर्यंत ठेवायचं ते लिहायचं. 'खमंग' हा शब्द तर तिनं जवळजवळ बंदच केला होता. एका लेखिकाबाईंनी एका पानात तो इतक्यांदा वापरला की सुलभानं त्यांना फोन करून सांगितलं, "बाई, तुमचा लेख जळलाय." त्या बाई पुढे तिच्या चांगल्या मैत्रीण झाल्या. आज आल्या आहेत. नाव नाही घेत.

असं आमचं छान चाललं होतं, मंडळी. खरंच छान चाललं होतं.

एके दिवशी सुलभा म्हणाली, "कुंदा, खाडीकाठच्या जेवणावर एक अंक करू. पापलेट-सुरमई नको, ती सगळीकडे असते. तुमच्या घरी काय शिजतं ते सांग." मी म्हटलं, "निवट्या." ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा एवढासा मासा. डोळे डोक्यावर आलेले. दिसायला अगदी ध्यान. पण त्याचं कालवण! माझी आई जसं करते तसं मी कुठं खाल्लं नाही.

माझी आई आज इथं आहे. ही पहिल्या रांगेत, हिरव्या लुगड्यात. ऐकू जरा कमी येतं, त्यामुळं तिच्याबद्दल मी काहीही बोलू शकते.

तर सुलभा फोटोग्राफरला घेऊन जासईला आली. आईनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलेलं. अंगण सारवलं, ठेवणीतलं लुगडं नेसली, मामाला पहाटेच चिखलात उतरवलं होतं. सुलभानं परातीतल्या निवट्या बघितल्या आणि म्हणाली, "मुखपृष्ठावर हेच. आणि आई, तुम्ही पण." आई हसायलाच लागली. "याचा फोटू? याला कोन बगल गो? पापलेट आनाला सांगू का?" सुलभा म्हणाली, "पापलेट नको. हाच. आणि तुम्ही चुलीपाशी अशाच बसा."

फोटो निघाले. उन्हं उतरायला लागली होती, फोटोग्राफरची घाई, छपाईवाल्याचा फोन. दोघं सामान उचलून निघाली. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. आई मासिकाच्या पहिल्या पानावर येणार! आईनं दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या आळीला सांगून टाकलं. मीठ आणायला गेली तरी सांगून यायची. जासईच्या बाईचा फोटो पहिल्या पानावर, आणि तोही काही बरंवाईट न घडता. असं कधी झालं होतं का?

अंक आला. पहिल्या पानावर चांदीची वाटी होती. वाटीत श्रीखंड, वर केशराच्या काड्या.

मी पानं उलटत गेले. निवट्यांचं कालवण शेवटाकडं होतं, अर्ध्या पानात. फोटो नव्हता. आईचा नव्हता, कालवणाचाही नव्हता.

घरी दडवून ठेवणार तरी कसा? आळीतल्या बाया वाट बघत होत्या. आईनं अंक हातात घेतला. पहिलं पान बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "वाटी चांगली हाय." आणि अंक फळीवर ठेवून दिला. बास. एवढंच. रडली असती, ओरडली असती तर मला चाललं असतं. पण ते "वाटी चांगली हाय" मला सहन झालं नाही.

मी त्याच दिवशी नेरुळला आले. सुलभा गॅसपाशी होती. मी विचारलं, "काय झालं हे?" ती वळली नाही. म्हणाली, "बदलावं लागलं, कुंदा." मी म्हटलं, "कुणाला बदलावं लागलं?" ती कढईत ढवळत राहिली. मी चपला घातल्या आणि निघाले.

ती शेवटची भेट. म्हणजे बरीच वर्षं ती शेवटची होती. तिचे फोन आले, मी उचलले नाहीत. मग फोन येणं थांबलं. मी माझ्या ऑफिसात, कंटेनरच्या कागदपत्रांत. 'वैल' चालू होतं. मग लोकांनी मासिकं घ्यायची सोडली, पाककृती मोबाईलवर बघायला लागले, आणि एक दिवस बस डेपोतल्या स्टॉलवाल्यानं मला सांगितलं, "मॅडम, तुमचं ते बंद झालं." तुमचं ते! मी कधीच सोडलं होतं, पण त्याच्या लेखी ते माझंच होतं.

आणि मग, गेल्या वर्षी, केतकीचा फोन आला.

केतकीला मी परकरात बघितलेली. आता ऐरोलीला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिनं सांगितलं की सुलभाला अन्ननलिकेचा कॅन्सर झालाय. आयुष्यभर जिनं जगाला खायला शिकवलं, तिला घास गिळता येत नाही. हा कुठला न्याय, मला सांगा? पण केतकी म्हणाली, "मावशी, मी त्यासाठी फोन नाही केला. आई पुस्तक लिहितेय. 'वैल'चं सगळं. सुरू कसं केलं, चालवलं कसं, बंद कसं झालं. सगळं लिहून झालंय. एकच प्रकरण होत नाहीये. रोज लिहिते आणि रोज फाडते."

मी विचारलं, "कसलं प्रकरण?"

ती म्हणाली, "तुझं."

खरं सांगू? मला पहिल्यांदा भीती वाटली. तिच्या आजाराची नाही, पुस्तकाची. समोरासमोर कुणी काही बोललं तर उलट बोलता येतं. छापलेल्याला काय उत्तर देणार? लोक वाचतील आणि म्हणतील, ही ती कुंदा, एका फोटोवरनं मैत्रीण सोडून गेली. दोन-तीन दिवस मला जेवण गेलं नाही. मग म्हटलं, जे काय लिहिलंय ते तिच्या तोंडून ऐकू.

नेरुळला दार सुलभानंच उघडलं. एवढीशी झाली होती. गाऊनमध्ये हरवलेली. पण डोळे तेच. माझ्याकडे बघून म्हणाली, "उशीर केलास."

मी म्हटलं, "तू पण."

झालं. एवढंच बोललो. मग मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. साखरेचा डबा जिथं होता तिथंच होता.

तिनं कागद काढला आणि वाचून दाखवलं. "काही अपरिहार्य कारणांमुळे त्या अंकाचं मुखपृष्ठ बदलावं लागलं आणि माझी एक जुनी सहकारी दुरावली."

मी म्हटलं, "अपरिहार्य म्हणजे काय गं?"

"म्हणजे टाळता न येणारं."

"टाळता येत नव्हतं?"

तिनं कागद खाली ठेवला. आणि मग तिनं मला ते सांगितलं, जे त्या दिवशी गॅसपाशी ऐकायला मी उभी होते. मासिकाच्या मागच्या पानावर एका मसालेवाल्याची जाहिरात असायची. कुठल्या ते सोडून द्या. त्यांच्या माणसाला मुखपृष्ठ कळलं. त्याचा फोन आला. म्हणाला, "मागे आमच्या बरण्या आणि पुढे चिखलातला मासा, बरं दिसत नाही. आमचं गिऱ्हाईक देवाधर्माचं आहे." आणि सुलभा म्हणाली, "ठीक आहे."

"मी नाही म्हणूनच बघितलं नाही, कुंदा," ती म्हणाली. "एकदा तरी म्हणायचं. कदाचित त्यानं ऐकलं असतं. त्याचा आवाज काही फार चढलेला नव्हता. तो विचारत होता आणि मी हो म्हणून मोकळी झाले. मला भीती वाटली. अंक बंद पडेल, तुम्ही सगळ्या घरी बसाल, लोक हसतील. बाकी काही कारण नाही. 'अपरिहार्य' वगैरे मी नंतर शोधून काढलं."

मी म्हटलं, "मग 'बदलावं लागलं' कशाला लिहितेस? दुसऱ्यांच्या लेखातली वाक्यं तू अशी सोडायचीस का?"

ती हसली. पेन घेतलं. 'लागलं' खोडलं. लिहिलं, 'मुखपृष्ठ मी बदललं.' लिहून झाल्यावर कागद लांब धरून बघत राहिली. म्हणाली, "किती छोटं वाक्य आहे गं. एवढ्यासाठी मी वर्षभर कागद फाडतेय?"

मग एकदम माझ्याकडे वळली. "आता तुझं. मी फोन केले होते. तू उचलले नाहीस. हे लिहू का?"

"लिही."

"राग येईल."

"येईल. तरी लिही. नाहीतर तुझंच पुस्तक चवीनुसार होईल."

आणि आम्ही हसलो, मंडळी. पुष्कळ हसलो. केतकी आतून धावत आली, तिला वाटलं आईला ठसका लागला.

मला वाटलं, झालं, मिटलं. पण ती सुलभा होती. पाककृती करून बघितल्याशिवाय छापायची नाही, हा तिचा नियम. मी निघाले तेव्हा म्हणाली, "तुझ्या आईला हे कुणी सांगितलं का? का बदललं ते?"

"नाही."

"मग मी सांगते. तोपर्यंत हे प्रकरण छापायला द्यायचं नाही."

केतकी नको म्हणाली. डॉक्टर नको म्हणाले. मी पण नको म्हटलं. जासईचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. बंदराकडं जाणारे ट्रेलर एकामागे एक, मधे गाडी अडकली की अडकली. सुलभाला बसून राहणंसुद्धा जड जात होतं. पण ती ऐकेल तर ना! मागच्या सीटवर उशा लावून केतकीनं तिला आणलं. येताना दोन्ही बाजूंचे कंटेनर यार्ड बघून म्हणाली, "इथं खाडी होती ना गं?" केतकी म्हणाली, "आई, मला काय माहीत?"

माझी आई दारातच उभी होती. सुलभा उतरली आणि तिच्या पाया पडायला वाकायला लागली. आईनं तिचे खांदे धरले. "वाकू नको बाय, परशील. कवरी दुबली झालीस गो."

सुलभानं येताना वाक्यं पाठ केली होती. मला दिसत होतं ते. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "आई, मी माफी मागायला आलेय. तुमचा फोटो पहिल्या पानावर येणार होता. तो मी काढून टाकला. दुसऱ्या कुणी नाही. मी घाबरले, म्हणून काढला. तुमचा अपमान झाला."

आईनं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "कंचा फोटू?"

मी म्हटलं, "आई, तो गं! निवट्यांचा. तू चुलीपाशी बसलेलीस."

"त्यो व्हय?" आई म्हणाली. "त्याचं काय? मी कवाच इसरले." आणि मग सुलभाकडे वळून, बोट दाखवून, अशी चिडून म्हणाली, "पन तू जेवलीस नाय. येवरं सकालपासना रांदलेलं. तू न् त्यो फोटूवाला, फोटू काढलाव न् उपाशी गेलाव. भाकर मोरली नाय. ता माझ्या मनान हाय."

मंडळी, आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं! इतकी वर्षं ही नेरुळला कुढतेय, मी जासईला कुढतेय, ही म्हणते मी अपमान केला, मी म्हणते तिनं अपमान केला. आणि जिचा अपमान, तिला पहिल्या पानाचं काही नव्हतंच. तिला एवढंच वाटलं होतं की दारात आलेली पोर उपाशी गेली.

पण मला तेव्हा आईनं "वाटी चांगली हाय" म्हटलेलं आठवलं. मी तिला विचारलं, "मग तेव्हा तुला वाईट नाही वाटलं?" ती म्हणाली, "वाटलं ना. योक दिस वाटलं." तिनं एक दिवस वाईट वाटून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भात टाकला. आम्ही शिकलेल्या, मासिकं काढणाऱ्या, आम्हाला ते जमलं नाही.

"आज जेवल्याबिगर सोरनार नाय," आई म्हणाली. केतकी तिच्या कानाशी वाकली, मोठ्यानं म्हणाली, "आजी, तिला गिळता येत नाही." आई थांबली. तिचा चेहरा उतरलेला मी बघितला. मग आत गेली. निवट्या आता आमच्याकडे मिळत नाहीत, ती खाडी भराव घालून बुजवली. आईनं चिंबोऱ्यांचं कालवण केलेलं होतं. त्याचा रस्सा तिनं फडक्यातून गाळला, मऊ भात त्यात कुस्करून अगदी पेज केली आणि वाटी घेऊन सुलभासमोर बसली. चमच्याच्या टोकावर येईल तेवढं. एक चमचा, मग थांबायचं. दुसरा, मग थांबायचं. घाई नाही.

सुलभानं डोळे मिटले होते. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला उघडले आणि विचारलं, "आई, मीठ किती घालता?"

आई म्हणाली, "चवीपरमानं."

सुलभा इतकी हसली की रस्सा नाकात गेला. केतकी रडायला लागली, आई केतकीवर ओरडली, मी पाणी आणायला धावले. वाटीतलं निम्मं संपलं. केतकी, किती दिवसांनी तिनं एवढं खाल्लं होतं? तूच मला नंतर गाडीपाशी सांगितलंस, मी आकडा नाही सांगत. परतताना सुलभा उशीवर डोकं टेकून झोपली, ती थेट नेरुळ आल्यावर जागी झाली.

त्यानंतर ते प्रकरण तिनं एका बैठकीत लिहिलं. खाडाखोड नाही. मला वाचायला पाठवलं. त्यात ती घाबरल्याचं आहे, माझ्या न उचललेल्या फोनांचं आहे, आईच्या ओरडण्याचं तर सगळ्यात जास्त आहे. मी एकच शब्द बदलायला सांगितला. तिनं लिहिलं होतं, "कुंदाची आई एक साधी बाई." मी म्हटलं, "साधी नको. ती अजिबात साधी नाही, तिच्यासोबत राहून बघ." तिनं लगेच काढला.

फोटोग्राफरकडं जुनी निगेटिव्ह होती. केतकीनं त्याला शोधून काढलं. तो फोटो पुस्तकात पूर्ण पानभर आहे. चूल, परातीतल्या निवट्या आणि हसणारी आई. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत जासईला आली. आईनं आपला फोटो बघितला, चष्मा पुसून परत बघितला आणि म्हणाली, "मी तवा कवरी तरनी होतू!" सुलभाला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बघ, तिला वाटीपेक्षा आवडला."

पुस्तक आल्यावर लोकांचे फोन यायला लागले. जुन्या वाचकांचे, ज्यांनी आमच्या कृती करून लग्नं पार पाडली, डोहाळेजेवणं केली त्यांचे. सुलभाला फार बोलायची ताकद नव्हती, तर केतकी फोन तिच्या कानाशी धरायची आणि ती ऐकायची. ज्यांना वाटत होतं की तिनं हे सगळं लिहायला नको होतं, आपली चूक कशाला चव्हाट्यावर मांडायची, त्यांना मी सांगते, ते लिहिल्यापासून ती शांत झोपायला लागली. डॉक्टरांनी औषध वाढवलं नव्हतं. मी विचारून घेतलंय.

शेवटच्या आठवड्यात मी तिच्याकडंच राहिले. रजा टाकली नाही, मी रिटायर आहे. आम्ही फार बोललो असं नाही. मी भाजी निवडत बसायचे, ती बघत बसायची. एका दुपारी ती म्हणाली, "कुंदा, काही राहिलं का गं?"

मी म्हटलं, "काय राहायचंय?"

"नीट बघ. पुस्तकात, तुझ्याशी, आईंशी, केतकीशी. काही राहिलं असेल तर आत्ता सांग. मला आता फार वेळ बसवत नाही."

मी विचार केला. खरंच केला, मनापासून. तिच्यासमोर उगाच बोललेलं चालायचं नाही. आणि मी म्हटलं, "नाही. काही नाही राहिलं."

ती म्हणाली, "मग मी झोपते."

आणि झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी, केतकीचा हात हातात होता, तेव्हा ती गेली. तिच्या चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता. मी बघितलं आहे.

म्हणून मला आज हलकं वाटतंय, मंडळी. एक माणूस काही बाकी न ठेवता गेलं. असं किती जणांना जमतं?

केतकी, बाळा, तू तिला गाडीत घालून जासईला आणलंस. तू ऐकलं नसतंस तर हे काहीच झालं नसतं. तुला काय म्हणू? जासईचं घर तुझं आहे.

आता आपण उभे राहू या. ज्यांचे पाय दुखतात त्यांनी बसूनच राहा. माझ्या आईला मी हातानं खूण करते, तिला कळेल. थोडा वेळ कुणी काही बोलायचं नाही.

सुलभा, तुझा निरोप घेते. नीट जा.